नैऋत्येकडे तोंड

घरच्या गच्चीवरचा अँटेना भावाने भंगारात दिला. फोनवर आधी घरपट्टी झाली, मग आईच्या गोळ्या, आणि फोन ठेवता ठेवता हे. वॉटरप्रूफिंग करायचं होतं, पाइप मध्ये येत होता, ॲल्युमिनियमला भाव बरा मिळाला. मी ‘बरं केलंस’ म्हणालो. फोन ठेवल्यावर राग आला. ज्याने तो जन्मात कधी फिरवला नाही, त्यानेच विकावा! तो धाकटा. त्याची जागा टीव्हीच्या पुढ्यात, सतरंजीवर, ताटलीत चिवडा घेऊन. टीव्ही त्याने पाहिला. मी पाइप पाहिला.

आमच्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, चित्र यायचं ते सिंहगडावरून. वरळीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२च्या २ ऑक्टोबरला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुण्याला दिसायला लागलं. गड १३०० मीटरच्या वर, आमचं गाव त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर, आणि मध्ये सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरचा मुलूख. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईपुढे त्यांचं काही चालत नाही. गड उंच म्हणून त्या आमच्यापर्यंत यायच्या, पण दमूनभागून.

अँटेना बसवणाऱ्या मेकॅनिकने पहिल्या दिवशी सांगितलेलं अजून पाठ आहे : पुढचे आखूड दांडे सिंहगडाकडे, मागचा लांब दांडा नगरकडे. मधली लांबट कडी, जिला वायर जोडलेली असते, तीच खरी ऐकणारी. बाकीच्यांना वायर नसतेच. मागचा दांडा लहरींना पुढे परतवतो, पुढचे त्यांना कडीकडे वळवून आणतात.

एवढ्या लांबचं चित्र सुधारायचं म्हणजे सगळी बारीकसारीक कामं. उंची वाढवायला पाइपला आणखी एक तुकडा जोडायचा. पण तेव्हा आमचं माळवद होतं. पाइप वर रोवला असता तर पावसाळ्यात त्याच भोकातून मातीचं पाणी स्वयंपाकघरात. म्हणून तो बाहेरच्या भिंतीला क्लँपने आवळलेला, वरून तारांनी ताणलेला. कडीच्या स्क्रूंवर पांढरी भुकटी धरायची, ॲल्युमिनियमचं आणि तांब्याचं पटत नाही. ती पॉलिश पेपरने घासली की काही दिवस पडद्यावरच्या मुंग्या कमी. चपटी वायर पावसात भिजली की चित्र फिकं, म्हणून ती भिंतीला टेकू द्यायची नाही. शिवाय कावळे होतेच. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं दिसली तर समजायचं, लहर कुठेतरी आपटून उशिरा दुसऱ्यांदा येतेय. अशा वेळी सगळ्यात ठळक चित्राची जागा सोडून अँटेना किंचित बाजूला न्यायचा. चित्र जरा मंद होतं, पण नाक एकच राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही. त्याचा अभिमान मी अजून बाळगून आहे.

माझा आवाज खाली पोचायचा नाही आणि बाबांचा वर. म्हणून मधल्या जिन्यात आई. जिना भिंतीतला, अरुंद, अंधारा. चौथ्या-पाचव्या पायरीवर ती एका हाताने पदर आणि दुसऱ्याने कठडा धरून उभी. खालून बाबा ओरडायचे, “गाढवा, उलटा फिरवलास!” आई वर सांगायची, “थोडा उलट घे रे.” वरून मी म्हणायचो, “त्यांनाच या म्हणावं वर!” खाली पोचायचं, “त्याच्या हाताला रग लागलीय हो.” तिथून तिला ना टीव्ही दिसायचा, ना आकाश.

आता मध्येच जपान. सेंदाईच्या विद्यापीठात १९२६ साली शिंतारो उदा यांनी दांड्यांची लांबी आणि अंतरं कमीजास्त करत अँटेनाची ही रचना बसवली. ते हिदेत्सुगु यागी यांच्या हाताखालचे. यागींनी १९२८ मध्ये इंग्रजीत निबंध लिहिला आणि जगात नाव झालं ते यागी अँटेना. जपानी लष्कराने मात्र घरच्या शोधाकडे फारसं पाहिलंच नाही. १९४२मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा इंग्रजांच्या रडारच्या टिपणांत त्यांना ‘यागी’ हा शब्द सापडला. अर्थ लागेना. शेवटी कैद केलेल्या इंग्रजालाच विचारलं, तर तो म्हणाला, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव. अशी गोष्ट सांगतात. ऐकणारे या जागी हसतात. मला उदांचं वाईट वाटतं.

तर, २५ जून १९८३, वर्ल्ड कपची फायनल. लॉर्ड्सवर आपले १८३ धावांत गुंडाळलेले, समोर व्हिव्ह रिचर्ड्स, आणि आमच्याकडे संध्याकाळपासून वारं सुटलेलं. क्लँप ढिला झाला होता, पाइप आपोआप फिरत होता, म्हणून मला वर पाठवलं. अंधार, भुरभुर पाऊस, आणि मी पाइपाला मिठी मारून नैऋत्येकडे तोंड करून उभा. आमच्या पडवीत निम्मी आळी जमलेली. बराच वेळ काही नाही. मग एकदम खालून कल्लोळ. बाबा ओरडले, “गेला! गेला!” जिन्यातून आईने घाईघाईने वर पोचवलं, “गेलं रे, गेलं!” मी इमानेइतबारे पाइप फिरवला. खाली कपिल देव मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेऊन मोकळा झाला होता. तो परत दाखवतील म्हणून सगळे डोळे लावून बसले, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्यानंतर बाबांनी जे काही म्हटलं, त्यातलं आईने एक अक्षरही वर येऊ दिलं नाही. नुसतं म्हणाली, “होता तिथेच आण. सावकाश.”

तो झेल मी पुढे किती वेळा पाहिला असेल, दर वेळी मला तो माळवदावरूनच दिसतो.

बूस्टरचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. त्याने बाबांकडून चांगले पैसे घेतले आणि डबी लावली खाली, टीव्हीशेजारी. एवढी वायर उतरून येईपर्यंत लहर अशक्त झालेली. तिथे वाढवली की चित्राबरोबर मुंग्याही वाढतात. बूस्टर पाइपावर, कडीजवळ लावायचा असतो. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. वर चढायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढे माळवद जाऊन स्लॅब आला, केबल आली, डिश आली. २०२२चा मार्च संपेपर्यंत दूरदर्शनने जुने जमिनीवरचे प्रक्षेपक जवळजवळ सगळेच बंद केले. म्हणजे आमचा पाइप काही वर्षं नुसताच उभा होता. भावाचं तसं चुकलं नाही. राग आहे तो आहे.

आईला आता ऐकू कमी येतं. कानाचं मशीन घेतलं, भारीतलं. ती ते डबीत ठेवते. का, तर भांडी, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, सगळंच मोठं होतं आणि माणूस त्यात बुडून जातो. मला लगेच तो बूस्टर आठवला. डॉक्टरांना तसं म्हणालो, तर त्यांनी मशीनचं सेटिंग बदलून दिलं; थोडा फरक पडला म्हणे. तरी दवाखान्यात ती मशीन न लावताच बसते आणि मी मध्ये. गेल्या वेळी डॉक्टर म्हणाले, या वयात उजव्या कानाची फारशी आशा धरू नका. मी तिच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणालो, “हळूहळू फरक पडेल म्हणतायत.”

ती डॉक्टरांकडेच बघत होती. म्हणाली, “एवढं आखूड नव्हतं ते. आणि मान नाही अशी हलवली त्यांनी.” मग पिशवीतून मशीनची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, याचे सेल महिन्याला किती लागतात, आणि नाही वापरलं तर कंपनी परत घेते का.