लाल ओळ वाचा, मग बोर्डाला नाव ठेवा



सोयाबीनची रास झाली, हरभरा वर आलाय. आता पाण्याच्या पाळ्या सुरू होतील. थ्री फेज लाईट रात्रीची असली की विहिरीवर कोण जायचं, हा प्रश्न घरोघर निघणार. अंधार, थंडी, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. म्हणून आपल्या उमरगा भागातली बरीच पोरं आता स्टार्टरला स्वतः बनवलेला डबा लावायला लागलीत. आत काडेपेटीएवढा बोर्ड, एक रिले, पाण्याचा एखादा सेन्सर. लाईट आली की मोटार चालू, विहीर तळाला गेली की बंद.

डबा जोडण्यापर्यंत सगळं ठीक चालतं. प्रोग्रॅम बोर्डात भरायला बसलं आणि लॅपटॉपवर लाल अक्षरं आली की गाडी अडते. "बोर्ड जळालाय", "डुप्लिकेट माल आहे", "हे आपल्यासारख्याचं काम नाही" असं म्हणून डबा माळ्यावर जातो. गेल्या दोन हंगामात असे 'जळालेले' बोर्ड माझ्याकडं बरेच आले. त्यातले बहुतेक चांगले निघाले. म्हणून आज हे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी जिवाचं. बोर्ड स्टार्टरला जोडलेला असताना लॅपटॉपची वायर लावायची नाही. प्रोग्रॅम भरताना बोर्ड रीसेट होतो. त्या क्षणाला पिना मोकळ्या राहतात, रिले खटकन ओढू शकते आणि मोटार चालू होते. त्याच वेळी कुणी विहिरीत पाईप धरून असेल तर काय होईल, विचार करा. मेन स्विच खाली पाडा, किटकॅट काढून खिशात घाला, बोर्ड डब्यातून बाहेर काढा आणि घरी आणून टेबलावर काम करा.

आता मुद्द्याचं. प्रोग्रॅम भरण्याचे दोन टप्पे असतात. कंपाइल म्हणजे घरात बसून बी निवडणं. अपलोड म्हणजे तेच बी तिफणीनं रानात पाडणं. बी किडकं असेल तर नळा साफ करून उपयोग नाही, आणि नळा तुंबला असेल तर पुन्हा पुन्हा बी निवडून काय होणार? म्हणून लाल अक्षरं दिसली की पहिला प्रश्न हाच, बिघाड बियात आहे का नळ्यात? कंपाइल करायला बोर्ड जोडावाही लागत नाही. वायर काढून बरोबरच्या खुणेचं बटण दाबा. तिथंच लाल आलं तर दोष लिहिण्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, बोर्डाचा त्यात काही संबंध नाही.

कंपाइलच्या वेळी एका चुकीपायी तीस-चाळीस लाल ओळी येऊ शकतात. शेवटची नाही, पहिली ओळ वाचायची. तिच्यात ओळीचा नंबर दिलेला असतो, म्हणजे घराचा पत्ताच. 'एक्स्पेक्टेड' शब्दाबरोबर सेमीकोलनचं चिन्ह दिसलं तर दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ बघा. अर्धविराम तिथं राहिलेला असतो, मशीनला तो पुढं गेल्यावर कळतो. महिरपी कंस राहिला असेल तर बोट थेट फाइलच्या शेवटी दाखवतं.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे लायब्ररी नाही. डीएचटीचा सेन्सर लावलाय पण त्याची लायब्ररी लॅपटॉपवर उतरवलेली नाही. लायब्ररी मॅनेजरमध्ये नाव टाकायचं, इन्स्टॉल करायचं, झालं.

'स्ट्रे' आणि पुढं ३४२ आकडा, ही एरर आपल्याकडं फार येते. कारण प्रोग्रॅम व्हॉट्सॲपवरून किंवा कुठल्यातरी पानावरून उचललेला असतो. तिथं सरळ अवतरण चिन्हाचं वाकडं, छापील अवतरण होतं. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण मशीनला ते चिन्ह माहीतच नाही. ती चिन्हं पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाका. प्रोग्रॅम पाठवायचाच असेल तर मेसेजमध्ये चिकटवू नका, फाइल म्हणून पाठवा.

'वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप' म्हणजे हे नाव माझ्या वहीत नाही. कधी स्पेलिंग चुकतं, कधी लहान-मोठ्या अक्षराचा फरक असतो. पण कधी लिहिणाऱ्याचा काहीच दोष नसतो. ईएसपी३२ चं सॉफ्टवेअर २०२४ साली तिसऱ्या आवृत्तीवर गेलं. त्यात 'एलईडीसी सेटअप' आणि 'एलईडीसी अटॅच पिन' या दोन जुन्या आज्ञा काढून त्यांच्या जागी 'एलईडीसी अटॅच' ही एकच ठेवली. त्याआधीचे व्हिडिओ बघून पंख्याचा वेग किंवा बझर चालवायला जाणारं पोरगं इथं हमखास अडकतं. त्या दोन ओळी बदला, नाहीतर बोर्ड्स मॅनेजरमध्ये जाऊन दुसरी आवृत्ती निवडा.

आता नळ्याकडं, म्हणजे अपलोडकडं. मोटार चालू झाली नाही तर आपण आधी पाणबुडी बाहेर काढतो का? नाही. लाईट बघतो, फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, केबल बघतो, मोटार सगळ्यात शेवटी. बोर्डालाही तोच क्रम लावायचा.

पहिली वायर. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही वायरीत फक्त करंटच्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून माणूस फसतो. टूल्स मेनूत पोर्टची यादी बघा. वायर काढली की जो कॉम नंबर जातो आणि लावली की येतो, तो आपला. कुठलाच येत-जात नसेल तर वायर बदला.

दुसरा ड्रायव्हर. स्वस्त बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते, काहींवर सीपी२१०२. त्या चिपचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. ड्रायव्हर टाकला की तोच 'डुप्लिकेट' बोर्ड बोलायला लागतो.

तिसरं, बोर्डाचं नाव. हातात नॅनो आणि मेनूत उनो, असं नको. नॅनोत आणखी एक गोम आहे. २०१८ पासूनच्या मूळ नॅनोत नवा बूटलोडर ११५२०० च्या वेगानं बोलतो, स्वस्त नॅनोत बरेचदा जुनाच ५७६०० वाला असतो. वेग जुळला नाही की 'नॉट इन सिंक' असं दहा वेळा येतं. टूल्समध्ये प्रोसेसरच्या जागी 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा.

चौथं, 'ॲक्सेस इज डिनाइड'. पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. दुसऱ्या खिडकीत सिरीयल मॉनिटर उघडा असेल, तो बंद करा.

पाचवं, पिनांवरच्या तारा. उनो आणि नॅनोच्या ० आणि १ नंबरच्या पिना यूएसबीच्याच रस्त्यावर आहेत. त्यावर जीएसएमचा बोर्ड जोडलेला असेल तर एका फोनवर दोघं बोलल्यासारखं होतं, पुन्हा तेच 'नॉट इन सिंक'. नोडएमसीयूच्या डी३, डी४, डी८ आणि ईएसपी३२ च्या ० आणि १२ या पिना बोर्ड सुरू होतानाच वाचतो. त्यावर सेन्सर किंवा रिले असली तर तो अडू शकतो. सगळ्या तारा काढा, नुसता बोर्ड लावा.

ईएसपी३२ वर 'कनेक्टिंग' लिहून पुढं नुसते ठिपके येत राहिले आणि शेवटी 'टाइम्ड आउट' झालं, तर ठिपके सुरू झाल्यावर 'बूट' लिहिलेलं बटण दाबून धरा. लिहायला सुरुवात झाली की सोडा. काही बोर्डांना हे दर वेळी करावं लागतं, तेवढ्यावरून बोर्ड खराब ठरत नाही.

एवढं करून कोड न बदलता तपासायचं असेल तर एक्झाम्पल्समधला 'ब्लिंक' टाका. तो चढला तर वायर, ड्रायव्हर, पोर्ट, बोर्ड सगळं चांगलं आहे, दोष आपल्या कोडात किंवा जोडणीत शोधा. तारा काढून, वायर बदलून, ड्रायव्हर टाकून, बरोबर नाव निवडून, बूट दाबूनही ब्लिंक चढला नाही, तरच बोर्डावर संशय घ्या.

"हे इंग्रजी आपल्याला कुठं कळतंय?" असं बरेच जण म्हणतात. माझं शिक्षण दहावी. कामाला येणारी वाक्यं मोजली तर आठ-दहाच आहेत. औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी नावं आपण पाठ करतोच की. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत मागं पडलेली पोरं तिथं हातानं काम करत शिकली. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या साथीनं तिथं फॅब लॅब सुरू झाली. यंत्राचं काम खेड्यातल्या पोराला जमतं का, याचं उत्तर तिथं कधीच मिळालंय.

आणि हे जमायला का पाहिजे? घाटे भरायच्या वेळी डबा बंद पडला तर आपल्याकडं दुरुस्तीवाला येत नाही. सोलापूरला किंवा हैदराबादला पाठवून आठ दिवस थांबायला पीक तयार नसतं. डबा आपण बनवला असेल तर त्याच रात्री तो आपल्याला उघडता आला पाहिजे. नाहीतर पुन्हा बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात विहिरीकडं निघायचं आलंच.

म्हणून एक कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. बोर्डाचं नाव, प्रोसेसर, लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती, कोणत्या पिनवर काय जोडलंय, तारीख. चालू असलेला प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून तोही घरात एका ठरलेल्या जागी ठेवा.

अडलं तर मला फोटो पाठवा. फक्त फोटोत पहिली लाल ओळ दिसू द्या. शेवटच्या ओळीवरून मला बी कळत नाही अन् मशीनला बी नाही.