सिल्लेवानीचा घाट आणि डिकीतला लाँगबोर्ड

बोरगाव नावाची गावं महाराष्ट्रात शोधायला गेलात तर डझनाने सापडतील. आमचं बोरगाव महाराष्ट्रात नाही. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला निघालं की राज्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात रस्त्याला लागून कारखाने दिसायला लागतात, ते आमचं गाव. पुढे सौंसर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. पाट्या हिंदीत आल्या, घरातली भाषा मराठीच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या पत्त्यातलं छिंदवाडा गेलं. बाहेरच्यांना हा भाग माहीत असतो तो संत्र्यांमुळे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला होणाऱ्या गोटमारीमुळे, नाहीतर जामसावळीच्या निजलेल्या मारुतीमुळे. मी आज सांगणार आहे ते मात्र उतारांबद्दल आहे.

मंडळातल्या बऱ्याच मुलांनी मला रविवारी पार्किंग लॉटमध्ये लाँगबोर्डवर पाहिलंय. "काका, तुम्ही या वयात हे कधी शिकलात?" असं एकाने विचारलं होतं. खरं उत्तर असं की मी ते बोरगावातच शिकलो, आठ-नऊ वर्षांचा असताना. ट्रक दुरुस्तीच्या टपरीवरून जुनी बेअरिंगं मागून आणायची, मागे दोन आणि पुढे एक अशी लाकडी फळीखाली ठोकायची, पुढच्या आडव्या दांड्याला सुतळी बांधली की झाली गाडी. तिचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. ब्रेक म्हणजे उजव्या पायाची चप्पल. त्या चपलेची टाच महिन्याभरात कागदासारखी व्हायची आणि आजी म्हणायची, "एकच पाय जास्त चालते का रे तुया?"

पुढे बी. ई. झालो, नोकरीसाठी सिॲटलला आलो आणि तिशी ओलांडल्यावर एका सहकाऱ्याचा जुना लाँगबोर्ड विकत घेतला. आमच्या घरामागचा रस्ता चांगलाच उताराचा आहे. व्हिडिओंत बघितलेली नागमोडी वळणं घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. थांबायचं कसं, हे मी शिकलोच नव्हतो. तिसऱ्या वळणाला बोर्ड थरथरायला लागला, चौथं वळण मी घेतलंच नाही. कॉलरबोन मोडलं. लेक तेव्हा तीन महिन्यांची होती. सहा आठवडे हात झोळीत, आणि तिला उचलून घेता येत नव्हतं. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

बरा झाल्यावर बोर्ड विकायचा ठरवला होता. विकण्याआधी एकदा मेरीहिल बघून यावं म्हणून गेलो. आमच्याच वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, मेरीहिल लूप्स रोड नावाचा जुना रस्ता आहे. सॅम हिल नावाच्या, चांगल्या रस्त्यांचं वेड असलेल्या माणसाने तो १९०९ ते १९१३ च्या दरम्यान बांधून घेतला. राज्यातला तो पहिला डांबरी रस्ता. आता तिथे मोटारी जात नाहीत. लोक चालायला आणि सायकली घेऊन येतात, आणि स्केटिंगवाले आयोजक रीतसर कार्यक्रम ठेवतात तेव्हा बोर्ड उतरतात. उजाड टेकडीवरून एकामागून एक वळणं घेत तो खाली येतो. जगभरच्या लाँगबोर्डवाल्यांच्या स्वप्नातला रस्ता म्हणतात तो हाच.

मी दिवसभर वळणावर बसून बघत होतो. वेगाचं कौतुक तासाभरात संपलं. मग लक्षात आलं की प्रत्येक जण वळणाच्या बराच आधी, हातमोजा रस्त्याला टेकवून बोर्ड आडवा घालतोय, वेग मारतोय आणि मगच वळतोय. १९७०च्या दशकात बर्कलीच्या टेकड्यांवर क्लिफ कोलमनने ही पद्धत बसवली, तिला त्याचंच नाव आहे. म्हणजे ही माणसं उतरण्यापेक्षा थांबण्यात हुशार होती. मी बोर्ड विकला नाही. त्याऐवजी सहा महिने सपाट जागेवर फक्त पाय घासून थांबायला शिकलो.

गेल्या डिसेंबरात बोरगावला गेलो तेव्हा बॅगेत भाच्यासाठी लाँगबोर्ड होता. भाचा पंधरा वर्षांचा. वेगाचा विक्रम त्याला तोंडपाठ: २०१७ साली कॅनडात क्वेबेकमध्ये पीट कॉनलीने बोर्डावर उभं राहून ताशी १४६.७३ किलोमीटर गाठले. मीच त्याला दोन वर्षं डोंगरातले व्हिडिओ पाठवत होतो. एकदा लिहूनही गेलो होतो, "आपल्याकडे सिल्लेवानीचा घाट आहे ना, तिथे काय मजा येईल!" विसरूनही गेलो होतो. तो विसरला नव्हता.

आधी बोर्ड जोडायला बसलो. ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. फळी मेपलच्या थरांची किंवा बांबूची असते, साधारण चाळीस इंच. नवशिक्याने ड्रॉप-थ्रू घ्यावी. तिच्यात ट्रक फळीला आरपार बसवलेले असतात, त्यामुळे फळी जमिनीजवळ राहते आणि पाय टेकवायला सोपं जातं. ट्रक म्हणजे चाकांचे आस धरणारा धातूचा भाग. त्यातले रबरासारखे बुशिंग मऊ असले की बोर्ड लवकर वळतो, कडक असले की वेगात स्थिर राहतो. माझा बोर्ड थरथरला त्याचं एक कारण माझ्या वजनाला फार मऊ असलेले बुशिंग. चाकं सत्तर मिलीमीटरची आणि ७८ए च्या आसपास कडकपणाची घ्यावीत. रस्त्यावर चुरी पडलेली असते. लहान, कडक चाक एका खड्यावर अडकतं आणि बोर्ड तिथेच थांबतो, आपण थांबत नाही. १९७२च्या सुमारास फ्रँक नासवर्दीने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. त्याआधी मातीची आणि लोखंडाची असायची. आमच्या बेअरिंगच्या गाडीवर बसलेल्यांना तो फरक समजावून सांगायला नको.

बेअरिंग ६०८ नंबरचं, आतून आठ, बाहेरून बावीस आणि जाडीला सात मिलीमीटर. तेच लहान मोटारींत आणि हाताच्या ड्रिलमध्येही असतं. एक खराब निघालं तर सौंसरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात लगेच मिळालं. हेल्मेट मी नेलं होतंच. वेगाच्या उतारासाठी चेहरा झाकणारं लागतं. गुडघ्याची, कोपराची पॅडंही होती. हातमोजे मात्र राहिले. मग वेल्डिंगचे चामडी मोजे आणले आणि तळव्यावर लावायच्या चकत्यांसाठी ताईचा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड कापला. आमच्या घरी भाजी अजून विळीवरच चिरतात, त्यामुळे दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा तयार होऊन बसला. "मामा, घाटात जाऊन राहिलो ना आपण?" गाडी बाबांनी काढली. बाबांनी गिरणीतली नोकरी असताना स्कूटरवर तो घाट शेकडो वेळा पार केलाय. बोर्ड डिकीत, भाचा हेल्मेट मांडीवर घेऊन पुढे.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि छिंदवाडा ६७५ मीटरच्या आसपास. सौंसर, रामाकोना गेलं की सातपुड्याचा काठ लागतो आणि सिल्लेवानीचा घाट सुरू होतो. सागाचं जंगल, पानं पिवळी पडायला लागलेली, काळाभोर रस्ता आणि लांबच लांब वळणं. खरं सांगतो, पहिल्या वळणाला माझेही तळवे शिवशिवले. व्हिडिओतल्या कुठल्याही घाटापेक्षा तो मला सुंदर वाटला.

वर एका मोकळ्या जागी गाडी लावून आम्ही कडेला उभे राहिलो. मी फोनवर दहा मिनिटं लावली आणि भाच्याला मोजायला सांगितलं. एक्केचाळीस वाहनं, त्यातले सतरा ट्रक. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल निघाला होता. नवव्या मिनिटाला खालून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत वळणावर आला, पूर्ण चुकीच्या बाजूने. वरून येणारी मोटारसायकल मातीत उतरली म्हणून वाचली.

मी जमिनीवर काडीने गणित मांडलं. वारा आणि घर्षण सोडून दिलं तर वीस मीटर खाली उतरलेला माणूस ताशी सत्तर किलोमीटरवर असतो. दर शंभर मीटरला पाच मीटर उतार धरला तर एवढं होायला चारशे मीटर पुरतात. वारा-घर्षण धरून निम्मा वेग म्हटला तरी पाय घासून थांबण्याच्या तो पलीकडे जातो. नागमोडी उतरून वेग कमी करता येतो. लादलेली सायकल चढाला तिरपी-तिरपी काढतात तसंच, फक्त उलट. पण त्यासाठी पूर्ण रस्ता लागतो, आणि आपल्याला मिळणार अर्धा. तोही ट्रकवाल्याची मर्जी असेल तर.

"मंग हळू जाऊ ना," भाचा म्हणाला.

"नाही जायचं."

"भेले का तुम्ही?"

"हो."

त्याने मित्रांना सांगून ठेवलं होतं. फोन घेऊन दोघं रामाकोन्याला थांबले होते, हे नंतर कळलं. तो गाडीत जाऊन बसला, हेल्मेट मागच्या सीटवर टाकलं. त्याला राग माझ्या नकाराचा नव्हता, मी आधी लिहिलेल्या त्या एका ओळीचा होता, आणि तो बरोबर होता. उतरताना बाबा रोजच्यासारखे दुसऱ्या गिअरमध्ये होते. कोणाकडे न बघता एवढंच म्हणाले, "घाटात गाडी चालवता येते सगळ्यायले. थांबवता आली पाह्यजे." घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच त्याला उठवलं. गावाबाहेर एका नव्या ले-आउटमध्ये रस्ता झाला होता, घरं अजून व्हायची होती. ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हल पाइप आणला आणि दहा-दहा मीटरवर पाणी बघत गेलो. दर दहा मीटरला सुमारे तीस सेंटिमीटर उतार, लांबी दीडशे मीटर, आणि खाली आपोआप थांबायला सपाट मैदान. मी त्याला विचारलं, "घर्षण नसेल तर वेग किती होईल?" त्याने फोनवर काढला: ताशी चौतीस. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. चालण्यासारखं होतं.

आधी सगळी चुरी झाडून काढली. खालच्या तिठ्यावर बाबा लाल गमछा घेऊन उभे राहिले. गमछा वर म्हणजे या, खाली म्हणजे थांबा. पहिला तास फक्त थांबणं: एक पाय बोर्डावर, दुसऱ्याचा तळवा रस्त्यावर अलगद. तो तीनदा पडला, तीनदाही मोज्यांवर. मग अर्ध्या उतारावरून, मग पूर्ण. डावीकडे झुकला, बोर्ड वळला. उजवीकडे झुकला, वळला. रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत मोठी-मोठी वळणं घेत तो खाली गेला आणि बाबांच्या गमछापाशी बरोबर थांबला. वर चढून आला तेव्हा श्वास लागला होता. म्हणाला, "पूर्ण रस्ता आपलाच आहे ना, मामा."

मेरीहिलला मला दिवसभर बसून कळलं होतं ते त्याला एका उतारात कळलं. लाँगबोर्डवाल्यांच्या स्वप्नातले रस्ते कितीही उंच आणि वळणाचे असले, तरी त्यांचं खरं ऐश्वर्य हे, की तिथे समोरून कोणी येत नाही.

तशी जागा आपल्याच राज्यात आहे, हेही त्याला सांगितलं. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली मुलांसाठी काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. नियम दोन: शाळेत गेल्याशिवाय स्केटिंग नाही, आणि आधी मुली. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळून आली. "एमपीत?" भाच्याने दोनदा विचारलं. पुढच्या सुट्टीत आम्ही तिथे जाणार आहोत.

आपल्या मंडळातल्या मुलांना एवढंच सांगेन की पैसे आधी हेल्मेट आणि मोज्यांवर घाला, बोर्ड जुना चालेल. आणि आईबाबांना: नाही म्हणण्याआधी एकदा खालच्या तिठ्यावर गमछा घेऊन उभे राहून बघा.

भाचा आता रोज पहाटे जातो. बरोबर गल्लीतली चार-पाच पोरं असतात, एका बोर्डावर पाळीपाळीने. पहिले दोन दिवस तो कोणालाच उतरू देत नाही, नुसतं थांबायला लावतो. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. चॉपिंग बोर्डाचं तिला आता कळलंय. शिवाय उजव्या बुटाचा तळ पार गेलाय, डावा अजून नवाच आहे. "येताना बूट घेऊन ये," म्हणाली, "साइज आठ. आणि उजवेच दोन भेटले तर पाय."