स्वस्तातला पावसाळा

लोक कंबोडियाला डिसेंबर-जानेवारीत जातात. मी आणि बायको गेलो २०२३च्या ऑगस्टअखेर. कारण सोप्पं. पावसाळ्यात हॉटेल स्वस्त मिळतं, आणि रिलीज नुकतंच संपल्यामुळे मॅनेजरला नाही म्हणता येत नव्हतं. ऑफिसातल्या मित्रांनी वेड्यात काढलं. पण मंडळी, आम्ही पडलो बीड जिल्ह्यातले, धारूर तालुक्यातले. पावसाने सहलीचा विचका होतो ही कल्पनाच आमच्याकडे नाही!

सिएम रीपला दुपारी आभाळ भरून यायचं आणि तासभर नुसता कोसळायचा. अंकोर वाट पाहिलं, भारीच आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. असो. मला वेड लावलं ते तोन्ले साप तळ्याने. या तळ्यातून निघणारी नदी नॉम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की ही नदी चक्क उलटी वाहायला लागते आणि तळं भरत जातं. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असलेलं तळं चांगल्या पावसाळ्यात दहा हजारांच्या वर जातं. आता बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३. म्हणजे परळीपासून आष्टीपर्यंत सगळं पाण्याखाली! काठावरच्या कंपाँग फ्लूक गावात घरं उंच खांबांवर आहेत. पाणी चढलं की होडी थेट दाराशी.

हे अण्णांना (म्हणजे वडिलांना) कधी सांगतो असं झालं होतं. संध्याकाळी त्यांचाच व्हॉट्सअपवर फोन आला.

"पंचवीस दिवस झाले, थेंब न्हाई. शेंगा भरायच्या टायमाला सोयाबीन माना टाकायलंय."

तळं मी गिळून टाकलं. नेमका तेव्हाच डोक्यावरच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला. मी हाताने माइक झाकला, पण काय उपयोग!

"कशाचा आवाज हाय रं?"

"पाऊस."

"मोठा हाय का?"

"हो... अण्णा, नंतर करतो फोन."

"ठिवू नको. ऐकू दे जरा."

पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाले, "काय पेरतेत तिकडं?"

"भात."

"मग बरं हाय त्यांचं."

नंतर कळलं, १९०१पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झालाच नव्हता. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर होतंच. तळ्याचे फोटो लॅपटॉपवर आहेत. घरी अजून दाखवलेले नाहीत.