त्रयस्थाची वही

कॅन्सस विद्यापीठात माझे दुसरे वर्ष चालू असताना, १९५७ च्या फेब्रुवारीत, विद्यार्थ्यांच्या दोन मंडळांमधील बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात गुणलेखकाचे काम मजकडे आले, ते माझ्या क्रीडानैपुण्यामुळे खास नव्हे. हा चेंडू मी तोपर्यंत हातात धरलादेखील नव्हता. त्या दोन मंडळांचा परस्परांवर इतका गाढ अविश्वास होता की, ज्याचा दोहोंपैकी कोणाशीही लागाबांधा नाही, ज्याला बेरीज येते आणि ज्याचे अक्षर दुसऱ्याला लागते, असा मनुष्य हुडकीत व्यायामविभागाचे लोक अखेर गणितशाखेत येऊन पोहोचले, आणि तेथे त्यांना मी सापडलो. माझे वडील अमरावतीच्या तहसील कचेरीत कारकून होते. खाडाखोड न करता नोंद करण्याचे वळण मला त्यांच्याकडून मिळालेले होते, आणि सातासमुद्रापलीकडे ते अशा कामी उपयोगी पडेल याची कल्पना त्यांना कधीच नसणार.

ही मंडळे म्हणजे तिकडे ज्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात ती. १७७६ साली, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारे पहिले मंडळ निघाले. परंतु आज ज्या स्वरूपात ती दिसतात, त्याचा उगम १८२५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात झाला. दोनतीन ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त शपथ, हस्तांदोलनाची गुप्त तऱ्हा, कोटावर लावावयाची पिन, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या मालकीची प्रशस्त हवेली, असा त्यांचा सरंजाम असतो. त्या काळी नव्या उमेदवाराने वर्षभर जिने झाडावेत, बर्फ उपसावे, वडीलधाऱ्या बंधूंचे (हे वडीलधारे विशीच्या आतबाहेरचे असत) बूट पुसावेत आणि प्रसंगी लाकडी फळीचे फटकेही हसतमुखाने सोसावेत, म्हणजे मग त्याला बंधुत्वाची दीक्षा मिळे. निवडणूक गुप्त मताने होई, आणि पुष्कळ ठिकाणी एका सभासदाचा विरोधही अर्ज फेटाळण्यास पुरेसा असे.

माउंट ओरिअड नावाच्या ज्या टेकडीवर ते विद्यापीठ वसले आहे, तिच्या उतारावर अशी अनेक घरे होती. त्यांपैकी ज्या दोहोंची ही हकीकत आहे त्यांची नावे मी सांगत नाही. एकाच्या दर्शनी भागी पांढरे उंच खांब होते आणि दुसरे चुनखडीच्या दगडात बांधलेले होते, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात खांबवाले आणि दगडवाले म्हणत असे, व तेवढे येथे पुरे आहे. त्यांचे वैर कशावरून पडले हे मी दोन्हीकडे विचारून पाहिले. खांबवाल्यांच्या मते दगडवाल्यांनी त्यांची भोजनाची घंटा पळविली होती. दगडवाल्यांच्या मते ती घंटा मुळात त्यांचीच होती आणि त्यांनी ती केवळ परत आणली. ही घटना केव्हाची, असे विचारता दोन्ही पक्ष आपापल्या बापांच्या काळाकडे बोट दाखवीत. बाकी दोन्ही घरांतील पोरे एकाच तऱ्हेचे कोट घालीत, एकाच तऱ्हेने केस कापीत, एकाच तऱ्हेच्या गावांतून, एकाच तऱ्हेच्या सुखवस्तू घरांतून आलेली असत, आणि एका घरातला मुलगा चुकून दुसऱ्या घरात जेवावयास बसला असता तर तो परका आहे हे सूप संपेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नसते. सादृश्य जितके अधिक तितके वैर कडवे, असा अनुभव आपल्याकडील भाऊबंदकीतही येतोच.

या वैराला बास्केटबॉलसारखा खेळ मिळावा आणि तोही लॉरेन्स गावी, यात एक मौज आहे. या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ हा मूळचा कॅनडाचा. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत अठरा दांडगट विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्याच्या गळ्यात पडला. हिवाळ्यात बंद खोलीत या तरुणांना गुंतवून ठेवील, पण हातपाय मोडणार नाही, असा खेळ काढ, असे वरिष्ठांचे फर्मान होते. चेंडू घेऊन पळण्यास मनाई केली की पळणाऱ्याला लोळविण्याचे कारणच उरत नाही, हे त्याने ताडले; पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि तो कठडा दहा फूट उंच होता म्हणून आजतागायत साऱ्या जगात बास्केट दहा फुटांवर असते. त्याच्या तेरा नियमांपैकी पाचवा खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे व मारणे यांना बंदी करणारा आहे. इतकी खबरदारी घेऊनही पहिल्याच प्रयोगात गुद्दागुद्दी झाली आणि कित्येकांचे डोळे काळेनिळे झाले, हे त्यानेच १९३९ साली, निधनाच्या वर्षी, रेडिओवरून सांगितले. १८९८ पासून तो कॅन्ससलाच होता आणि त्याचे दफनही लॉरेन्सलाच झाले. त्या विद्यापीठाच्या संघाचा तो पहिला शिक्षक. ५५ सामने जिंकले आणि ६० हरले, आणि तेथील शिक्षकांत विजयांहून पराजय अधिक असणारा तो एकटाच, म्हणजे खुद्द खेळाचा जनक. मला त्याच्याविषयी आपुलकी वाटे, तिला आणखी एक कारण होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला तेव्हा वृद्ध नेस्मिथ तेथे हजर होता. आणि त्याच बर्लिनमध्ये आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतू करून दाखविला होता. त्या पथकाच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी आखाड्यात वाढली.

त्या हिवाळ्यात गावाला बास्केटबॉलचे वेडच लागले होते. सात फूट उंचीचा विल्ट चेंबरलेन विद्यापीठाच्या संघात आला होता आणि डिसेंबरातील पहिल्याच सामन्यात त्याने बावन्न गुण केले होते. सतरा हजार माणसे मावणारे नवे अ‍ॅलन फील्डहाउस त्याच्यासाठी तुडुंब भरे, आणि त्या वेळी खांबवाले व दगडवाले एकाच बाकावर मांडीला मांडी लावून एकाच आरोळीत घसा फोडीत. आमचा सामना मात्र रॉबिन्सन व्यायामशाळेत होता. ही इमारत नेस्मिथच्या अमदानीतली, १९०७ ची; आत शिरताच जुने लाकूड, ओली लोकर आणि घाम यांचा संमिश्र दर्प येई. बाहेर वारा बर्फ उधळीत होता आणि आत दोन्ही घरांची सगळी बिरादरी भिंतीलगत दाटीवाटीने उभी होती. खांबवाल्यांच्या उमेदवारांनी गाईच्या गळ्यातल्या घंटा आणल्या होत्या, दगडवाल्यांच्या उमेदवारांनी स्वयंपाकघरातली पातेली. हरणाऱ्या घराने रविवारी जिंकणाऱ्या घराला आपल्या हाताने जेवण वाढावे, अशी पैज दोन्ही अध्यक्षांच्या सहीनिशी कागदावर लिहिलेली होती.

पहिल्या अर्धात खेळ कमी आणि कोपरे अधिक झाली. खांबवाल्यांचा तांबड्या केसांचा एक दणकट गडी बास्केटखाली पाय रोवून उभा राही आणि चेंडू परत उसळताच दोन्ही कोपरे फाकवून असा वळे की, आसपासच्या दोघांना बाजूला होणे भाग पडे. दगडवाल्यांत एक चष्मेवाला किडकिडीत मुलगा होता. चष्मा त्याने दोरीने डोक्यामागे घट्ट आवळला होता, आणि दर वेळी चेंडू फेकण्यापूर्वी तो काच दंडाला पुसून घेई. तेवढ्या क्षणात समोरचा अंगावर येई, तरी तो पुसल्यावाचून फेकीत नसे, आणि फेकला की बहुधा चुकत नसे. मध्यंतराला खांबवाले १८, दगडवाले १५. पंच म्हणून आलेला विद्यार्थी इतक्या वेळा शिटी वाजवून बसला होता की, दगडवाल्यांच्या दोघा उत्तम खेळाडूंच्या नावापुढे माझ्या वहीत चार चार फाउल पडले होते. पाचव्याला बाहेर.

खरे नाट्य अखेरीस घडले. तीनेक मिनिटे राहिली असता दगडवाले एका गुणाने मागे होते, आणि त्या चष्मेवाल्याला एक फ्री थ्रो मिळाला. त्याने काच पुसली, चेंडू दोनदा आपटला आणि टाकला. तो कड्यावरून फिरून आत पडला. मी वहीत नोंद केली: ३४-३४. परंतु गुणफलकाचे पत्ते उलटण्याचे काम ज्या पोराकडे होते तो खांबवाल्यांचाच उमेदवार होता, आणि त्या वेळी तो पातेलेवाल्यांशी हमरीतुमरीवर आला होता. मी ओरडलो, त्या गदारोळात ते मलाही ऐकू आले नाही. फलकावर ३४-३३ तसेच राहिले आणि चेंडू खेळात आला. चेंडू खेळात असताना गुणलेखकाने खेळ अडवावयाचा नसतो, शिटीने थांबेल तेव्हाच सांगावयाचे, असा नियम. आणि तो थांबेचना. फलक पाहून आपण पुढे आहोत अशा समजुतीने खांबवाले नुसता चेंडू एकमेकांकडे फिरवीत राहिले. त्या काळी महाविद्यालयीन खेळात चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवावा याला कायद्याची मर्यादा नव्हती. दगडवाल्यांचे ते दोघे पाचव्या फाउलच्या धास्तीने हात आखडून धावत होते. बरोबरी झाली आहे हे त्या व्यायामशाळेत मी आणि माझ्या शेजारचा वेळाधिकारी असे दोघेच जाणत होतो, आणि आम्ही दोघे पेन्सिल उंच धरून मुकाट बसलो होतो.

वेळ संपली. घंटा वाजू लागल्या, तांबड्या केसांच्या गड्याला खांद्यावर उचलले गेले, आणि मी पंचाकडे जाऊन वही त्याच्या हाती दिली.

पुढची पाचसात मिनिटे मला आयुष्यभर पुरतील. दोन्ही घरांतील साठसत्तर धिप्पाड तरुण मेजाभोवती गोळा झाले. खांबवाल्यांचा म्होरक्या फलकाकडे बोट करून म्हणाला, ‘सर्वांनी पाहिले आहे.’ पंच बिचारा शांत स्वभावाचा होता. त्याने मला नोंदी मोठ्याने वाचावयास सांगितल्या. मी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढचे गुण वाचले, बेरीज केली. मग चढत्या गुणांची ओळ वाचली. मग दोन्ही अर्धांची जुळणी दाखविली. तिन्हीकडे चौतीसच. फलकाचा पत्ता उलटला की आधीचा आकडा जातो, वहीत मात्र प्रत्येक गुणाला धनी असतो, हे त्यांना पटत चालले होते, इतक्यात मागून कोणीतरी ओरडले, ‘हा गेल्या रविवारी दगडवाल्यांकडे जेवला!’

ही गोष्ट खरी होती. परदेशी विद्यार्थ्याला रविवारी जेवावयास बोलाविण्याचा त्या घरांत शिरस्ता असे. मी म्हणालो, ‘जेवलो, आणि त्याच्या आदल्या रविवारी तुमच्याकडे जेवलो. मी मांस खात नाही, म्हणून दोन्ही घरांनी मला उकडलेले बटाटे आणि वाटाणे वाढले. मी दोघांचाही सारखाच ऋणी आहे.’ यावर एक जण हसला, मग पुष्कळ हसले, आणि पंचाने संधी साधून फैसला दिला: वही प्रमाण, तीन मिनिटे जादा खेळ. त्या तीन मिनिटांत तांबड्या केसांच्या गड्याने बास्केटखालून दोनदा चेंडू आत घातला, चष्मेवाल्याला एकदाच जमले, आणि खांबवाले ३८-३६ असे जिंकले. म्हणजे मी एवढा गहजब करून निकाल होता तोच राहिला.

रविवारच्या त्या जेवणाला मला दोन्ही घरांनी बोलाविले. हरलेले बंधू पांढरी जाकिटे चढवून, हातावर फडके घेऊन, जिंकलेल्यांच्या पंक्तीत वाढत होते. सूप मुद्दाम कोणाच्या मांडीवर सांडत होते. घंटेवरून गाणी होत होती. मीही मनापासून हसलो. शेजारी खांबवाल्यांचा अध्यक्ष होता, सज्जन मुलगा. माझ्यासारख्याला तुमच्या मंडळात प्रवेश मिळेल काय, असे मी सहज विचारले, तेव्हा तो लाल झाला आणि म्हणाला की, तू आमचा पाहुणा केव्हाही आहेसच. त्या काळी अशा अनेक मंडळांच्या घटनेत सभासद गोरा व ख्रिस्ती असावा असे स्वच्छ लिहिलेले असे, आणि महायुद्धानंतर त्यावर वाद सुरू झाला असला तरी कलम पुष्कळ ठिकाणी जागचे हललेले नव्हते. ज्याच्या नावाने हीच पोरे फील्डहाउसमध्ये नाचत, तो चेंबरलेन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९११ मध्ये इंडियाना विद्यापीठात स्थापिलेल्या कॅपा आल्फा साय या वेगळ्या मंडळाचा सभासद झाला. माझ्या ताटातले बटाटे उकडणारी स्वयंपाकीणही काळी होती आणि ती दाराआडूनच वाढप्यांची गंमत पाहत होती. ज्याच्या गावात १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाचे रण माजले, त्या अमरावतीकराला ही पंक्ती ओळखावयास वेळ लागला नाही. दोन्ही घरांनी वही मला का दिली, तेही तेव्हा नीट उमगले. मी कोणाचा नव्हतो एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नसते. मी कधी कोणाचा होऊच शकत नव्हतो, हे माझ्या निःपक्षपातीपणाला मिळालेले सर्वांत भक्कम तारण होते.

तरीही खेळ उत्तम होता, आणि तो आपल्याकडे शाळाकॉलेजांतून वाढावा असेच मला वाटते. फक्त सामने भरविणाऱ्यांना एक विनंती आहे. फलक फिरविण्याचे काम खेळणाऱ्या दोन पक्षांपैकी कोणाच्याही पोराकडे देऊ नका, आणि गुणलेखकाच्या मेजावर, त्याचा हात पोहोचेल अशी, चांगली कर्कश आवाजाची एक घंटा ठेवा.