ओसरीवरील स्पॅनिश

घरातील कोणी परकी भाषा शिकावयास निघाले की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिचा उपयोग काय? २००३ साली पुण्यास शिकत असता मी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातल्याचे पत्राने कळविले, तेव्हा जालन्याच्या आमच्या वाड्यातही हाच प्रश्न निघाला. थोरले काका म्हणाले, "जालन्यात बियाणे विकावयास, लोखंड गाळावयास किंवा मोसंबीची बाग राखावयास स्पॅनिश लागत नाही." आईने "शिकू द्या हो पोरीला" म्हणून विषय मिटविला. आजोबा मात्र काहीच बोलले नाहीत. परक्या भाषेची गोष्ट निघाली की ते उठून देवघरात जात, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता होता.

पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात भरत असे. वर्गात आम्ही तऱ्हेतऱ्हेचे लोक होतो. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जाणारे फार अडखळत. मराठीच्या वाटेने जाणाऱ्यांस ती भाषा पुष्कळदा ओळखीची वाटे. नामाला लिंग, त्याप्रमाणे बदलणारे विशेषण, 'तू' आणि 'आपण' यांतला भेद, हे सारे आपल्या घरचेच. आणि 'मे गुस्ता' हा प्रयोग तर पाहावा! इंग्रजीत मनुष्य वस्तूला आवडून घेतो; स्पॅनिशमध्ये, आपल्याप्रमाणेच, वस्तू मनुष्याला आवडते. 'मला मोसंबी आवडते', 'मला मोसंब्या आवडतात' : क्रियापद चालते ते मोसंबीच्या तंत्राने, माझ्या नव्हे. 'पगार' हा आपला शब्दही तेथे भेटला. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्याकडे तो आला पोर्तुगीजांकडून, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण.

एका अक्षरापाशी मात्र माझी गाडी अडली. रोमन लिपीतील 'जे' हे अक्षर स्पॅनिश लोक घशाच्या तळातून घासून उच्चारतात. माझ्या तोंडून साधा 'ख' निघे, आणि शिक्षिका मान हलवीत.

दिवाळीच्या सुटीत मी एस. टी.ने निघाले. नगर मागे पडले, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) मागे पडले, आणि दुतर्फा कपाशीची वेचणी चाललेली काळी राने दिसू लागली. बदनापूर गेले की आपल्या गावाचा वास येतो, असे आमची आजी म्हणत असे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. ती मराठी गावाची असून दखनी बोलीत आहे, याकडे मात्र तोवर माझे लक्ष गेले नव्हते. कुंडलिकेच्या एका काठी जुना जालना, दुसऱ्या काठी कादराबाद. काठांवर देवळे, मशिदी, आणि धान्याचा मोंढा. या गावी दोन भाषा नदीच्या दोन काठांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर नांदल्या आहेत.

आजोबांच्या मौनाचे कारण समजण्यास थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. निजामाच्या राज्यात आमच्याकडील मुलांनी घरी मराठी बोलावी आणि वरच्या इयत्तांत उर्दूतून शिकावे, अशी रीत होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणित, इतिहास, पदार्थविज्ञान, वैद्यक, सारे उर्दूतून शिकवीत. त्याकरिता ग्रंथ सिद्ध करणारे भाषांतर खाते त्याच्या एक वर्ष आधीच निघाले होते. देशी भाषेतून सर्व शास्त्रे शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे खरे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती, हेही तितकेच खरे. १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. आजोबा त्यानंतर थोड्याच वर्षांनी उर्दूतून गणित शिकले, आणि उत्तम शिकले. पुढे १९४८ च्या धामधुमीत आमचे घर हद्द ओलांडून वऱ्हाडात देऊळगाव राजास जाऊन राहिले. तेथे आजोबांची धाकटी बहीण तापाने गेली. १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती दिली, मंडळी परतली. आजोबांनी आपली उर्दू पुस्तके एका ट्रंकेत घालून ती माळ्यावर टाकली. तेव्हापासून बाजारात कोणी दखनीतून बोलले तरी ते उत्तर मराठीतच देत.

पाडव्याच्या सकाळी ओसरीवर बसून मी धडा घोकीत होते. 'नारान्खा' हा शब्द होता, अर्थ नारिंग. चौथ्या-पाचव्या वेळी आरामखुर्चीतून आवाज आला, "ख नव्हे ग, ख़. घशातून येऊ दे. ख़त म्हण."

मी म्हटले, "खत."

"ते शेतात टाकतात. मी टपालाने येते ते सांगतो आहे. ख़त!"

ऐंशीच्या घरातील त्या म्हाताऱ्या गळ्यातून तो वर्ण इतका स्वच्छ निघाला की स्वयंपाकघरातून आई बाहेर येऊन उभी राहिली. मी तो शब्द पुन्हा म्हटला. त्यांनी पुन्हा दुरुस्त केला. मग त्यांनीच विचारले, "हे अक्षर त्या लोकांकडे कसे गेले?"

त्या अक्षराचा उगम निराळा आहे. स्पॅनिशमध्ये तो उच्चार फार पुढे, सोळाव्या-सतराव्या शतकात रूढ झाला. परंतु इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुसलमानी सत्ता होती, आणि अरबी शब्द त्या भाषेत हजारोंनी शिरले, एवढे मी सांगितले. झाले! वही पुढे ओढून आजोबांनी एकेक शब्द विचारावयास आरंभ केला. 'फुलानो' म्हणजे कोणी एक अमुक. "फलाँ! अग, आपला फलाणा!" 'आल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष, तो मूळचा काझी. 'आसेइतूना' म्हणजे जैतून. 'किंताल' तर आमच्या मोंढ्यातला क्विंटलच. 'आसूकार' आणि 'नारान्ख़ा' हे शब्द मात्र आपल्याकडूनच गेलेले. संस्कृत शर्करा आणि नारंग इराणात गेले, तेथून अरबांकडे, आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये. "म्हणजे घरचीच साखर गाव हिंडून आली," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांकडून माळ्यावरची ट्रंक उतरविली. बीजगणिताचे पुस्तक वर निघाले : 'जब्र-ओ-मुक़ाबला'. स्पॅनिशमध्ये त्याच विद्येला 'आल्ख़ेब्रा' म्हणतात. अरबी 'जब्र' या शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड सांधणे असा आहे. म्हणून जुन्या स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला 'आल्ख़ेब्रिस्ता' म्हणत. आजोबांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि चष्मा पुसला.

त्या संध्याकाळी ते मला घेऊन कादराबादेत गेले. तेथे एका घड्याळाच्या दुकानी त्यांचा शाळासोबती बसत असे. इतकी वर्षे दोघे मराठीतून बोलत. सोबत्याचे मराठी मोडके, तरी बोलणे मराठीतूनच. आजोबा पायरीवर क्षणभर थांबले, आणि मग म्हणाले, "ख़ैरियत है?" सोबत्याच्या हातातील भिंग खाली आले. तो बराच वेळ आजोबांकडे पाहत राहिला. मग त्याने दुकानातील पोराला चहा आणावयास पिटाळले. पुढे दोघांचे काय बोलणे झाले, ते मला अर्धे कळले. देऊळगाव राजा हे नाव मात्र दोन-तीन वेळा ऐकू आले.

एका शब्दावर आमचे एकमत झाले नाही. 'उस्तेद' हे स्पॅनिशमधील 'आपण'. आजोबांच्या मते तो नि:संशय आपला 'उस्ताद'. त्याचे मूळ 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या स्पॅनिश बहुमानार्थी संबोधनात आहे, असे मी पुण्याहून लिहून कळविले. उलट टपाली उत्तर आले : "तुझ्या शिक्षिकाबाईंस माझा नमस्कार. शब्द उस्तादच आहे." तो त्यांचा हट्ट त्यांच्याबरोबर गेला.

सुटीनंतर वर्गात मी 'नारान्ख़ा' म्हटले, तेव्हा शिक्षिकेने विचारले, "हे कोठे शिकलीस?" मी म्हटले, "जालन्यास."

काकांचा प्रश्न अद्याप उभा आहे, हे कबूल करते. स्पॅनिशने मला नोकरी दिली नाही. आमच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा व्यापार आजही मराठी आणि दखनीतच चालतो. परंतु ती ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली नाही. ती ओसरीवरच असते, तिच्यावर आता घरातील मुले बसून अभ्यास करतात, आणि कोणी नवी भाषा शिकावयास निघाले तर 'उपयोग काय' असे आमच्याकडे प्रथम कोणी विचारीत नाही. "वाचून दाखव पाहू," असे म्हणतात.