माडीवरचं नाटक, बांधीतलं नाटक

ऑगस्टच्या सुमारास कॅम्डन फ्रिंज हा नाट्यमहोत्सव सुरू झाला की लंडनच्या मराठी मंडळींत एक शेरा हमखास ऐकू येतो: नाटक चांगलं असेलही, पण ते बघायला दारूच्या गुत्त्यात कोण जाणार? खटकतो तो ‘गुत्ता’ हा शब्द. गुत्त्यात माणूस तोंड चुकवून शिरतो. इथल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पबला लोक नुसतं ‘लोकल’ म्हणतात. रविवारी दुपारी तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळं घर जेवायला बसतं, आणि अंत्यविधीहून परतलेली माणसंही तिथेच टेकतात. पुण्या-मुंबईच्या पबवरून त्याची कल्पना येणार नाही. चावडी आणि चहाची टपरी एका छपराखाली आणली तर थोडीफार येईल. अशा जागेत नाटक होणं मला स्वाभाविक वाटतं, आणि इतिहासही तेच सांगतो. 1576 साली लंडनमध्ये ‘द थिएटर’ उभं राहिलं त्याआधीपासून नटांचे संच सरायांच्या अंगणात खेळ करत होते. पुढे 1843 च्या कायद्याने पबवाल्यांसमोर निवड ठेवली: नाटक करायचं तर प्रेक्षागारात पेला नको, पेला हवा तर नाटक नको. ज्यांनी पेला राखला त्यांच्या गाण्याबजावण्यातून म्युझिक हॉल वाढले. म्हणजे पब आणि नाटक यांची फारकत कायद्याने केली, रसिकांनी नव्हे.

1968 साली नाटकांची सेन्सॉरशिप उठली आणि दोनच वर्षांनी इझलिंग्टनच्या ‘किंग्ज हेड’ पबच्या मागच्या खोलीत डॅन क्रॉफर्ड यांनी रंगमंच सुरू केला. पाठोपाठ 1972 मध्ये शेफर्ड्स बुशला एका पबच्या माडीवर ‘बुश थिएटर’ आलं. कॅम्डन फ्रिंज 2006 साली सुरू झाला तोही ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ पबच्या माडीवरच्या एट्सेटेरा थिएटरमध्ये. अशा माडीवर चाळीस-पन्नास माणसं मांडीला मांडी लावून बसतात. अरुंद जिन्याने वर जाताना हातातला ग्लास सांभाळावा लागतो, खालचा हशा फळ्यांमधून वर येतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय नटाच्या वाटेत येतात. इथे नवी इमारत लागत नाही, आणि प्रेक्षकांतले थोडे तरी आधीच खाली बसलेले असतात. नवख्या लेखकाचं पहिलं नाटक उभं राहायला एवढं बळ पुरतं.

मला यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची आपली मंडई दिसते. भाऊबीज झाली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत एकामागून एक मंडया भरू लागतात. सालेकसा, आमगावकडच्या माणसाला तारखा पाठ असतात. दिवसा दुकानं आणि दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ; सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, सोयरे ओसरीवर, पोरापोरींच्या सोयरिकीची बोलणी चाललेली. धान निघालेल्या बांधीत मांडव पडतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नाटक कंपनी येते आणि रात्री दहाच्या सुमारास उभा राहिलेला खेळ पहाट करतो. गावचं मंडळ कंपनीला ठरावीक रक्कम देतं, तिकीट लावतं आणि नफा-तोटा आपल्या अंगावर घेतं. याच झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाट्यगृहात प्रेक्षक गोळा करावा लागतो, मंडईत तो पाहुणा म्हणून आधीच घरी आलेला असतो. शंकरपटानेही, म्हणजे बैलांच्या शर्यतींनीही, नाटकाला असाच प्रेक्षक दिला होता. 2014 च्या न्यायालयीन बंदीपासून 2021 च्या अखेरीपर्यंत पट थांबले, तेव्हा नाटकाची ती एक ठरलेली रात्रही गेली.

पबवरचे आक्षेप मात्र खोटे नाहीत. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीमुळे. ज्या बाईने दारूपायी घर मोडताना पाहिलं, तिला ‘इथली पद्धत वेगळी’ एवढं सांगून भागत नाही. श्रद्धेने दारू वर्ज्य मानणारे शेजारी पबचा उंबरा ओलांडत नाहीत, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस त्या जिन्यापाशीच अडतो. पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोला 2005 पासून भरणाऱ्या कलामहोत्सवात पबबरोबर घरं आणि दुकानंही जागा म्हणून वापरली जातात. हा मार्ग मला जास्त पटतो. बुश थिएटर 2011 मध्ये जुन्या वाचनालयात गेलं, किंग्ज हेडचा रंगमंचही 2024 मध्ये पबच्या मागे बांधलेल्या नव्या जागेत गेला. म्हणजे पबची जागा कायमची पुरत नाही हेही खरं. पण दोघांचं रोप पबमध्येच रुजलं. मंडई या बाबतीत पबच्या पुढे आहे. तिथे बसायला पेला विकत घ्यावा लागत नाही.

परवान्यांत मात्र आपण मागे आहोत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013 पासून सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत 500 प्रेक्षकांपर्यंतच्या नाटकाला वेगळा करमणूक परवाना लागत नाही. संगीताला अशी सूट आदल्याच वर्षी मिळाली होती. त्यामुळे पबवाला पावसाळी मंगळवारीसुद्धा माडी देऊन बघू शकतो. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवला आहे. राज्याला वर्षातले फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. झाडीपट्टीचं नाटक सुरूच होतं ते या बंदीच्या तासात. आजारी माणसाची आणि परीक्षेच्या पोराची झोप मोलाची आहे, म्हणून नियम उठवा असं मी म्हणणार नाही. पण मंडईला येतो तो बहुतेक गावाचाच पाहुणा, आणि ती रात्र त्या गावाला वर्षातून एकदाच येते. ग्रामसभेने दिवाळीआधी ठराव करून तारीख कळवावी, भोंगे मांडवाच्या आत वळवावेत, आवाजाची मर्यादा लेखी ठरावी आणि त्या एका रात्रीपुरती पहाटेपर्यंतची परवानगी देण्याची तरतूद नियमातच व्हावी. म्हणजे मंडळाला नारळ फोडण्याआधी पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.