वास आला रे आला

रविवार. चिऊला आज गॅसगळतीचा धडा दिला. पाच वर्षांच्या पोरीला नुसतं ‘हात लावू नकोस’ सांगून काय उपयोग? शाळेत सुरक्षेची चित्रं रंगवून घेतात. रंग छान भरते, बाकी शून्य.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, हे ऐकून ती नाक दाबून खिदळत सुटली. मग नाटकच केलं. “वास आला!” म्हटल्याबरोबर बाईसाहेब धावल्या त्या थेट पंख्याच्या बटणाकडे! मोठी माणसंही नेमकं हेच करतात. बटणाची ठिणगीसुद्धा पुरते, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. म्हणून कशालाच हात न लावता बाहेर पळायचं, मोठ्यांना सांगायचं. १९०६ वर फोन आम्ही करू.

दुसऱ्या खेपेला तिने देवापुढे निरांजन लावायला बसलेल्या आजीची काडेपेटीच हिसकावली आणि त्यांना हाताला धरून जिन्यात नेलं. आजी वैतागल्या, “अगं, माझी पूजा!”

“आधी बाहेर,” चिऊ म्हणाली.